कापसाचा फिल्टर धुताना

गॅरेजमध्ये तुमच्या गाडीचा लाल जाळीचा एअर फिल्टर काढला. त्याला कॉम्प्रेसरची हवा मारली. दोनदा आपटला आणि परत बसवला. असं होत असेल, तर पुढच्या वेळी मिस्त्रींना थांबवा.

त्यांचा हेतू चांगलाच असतो. कागदी फिल्टरला ते वर्षानुवर्षं असंच करत आले आहेत. पण हा फिल्टर कागदाचा नाही. जोराच्या हवेनं त्याचे धागे विस्कटतात, बारीक भोकं पडतात. ती वरून दिसत नाहीत. धूळ मात्र त्यातून सरळ इंजिनात जाते.

असे फिल्टर आता आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही बऱ्याच गाड्यांत सापडतात. कुणी जुनी गाडी घेतली, तर तिच्यात आधीच्या मालकानं बसवलेला निघतो. कुणाच्या मुलानं हौसेनं आणलेला असतो. कुणाला दुकानदारानं सांगितलेलं असतं की एकदा घ्या आणि आयुष्यभर धुऊन वापरा. हे सांगणं खरं आहे, पण नीट धुतला तरच. चुकीचा धुतलेला महाग फिल्टर साध्या कागदी फिल्टरपेक्षा वाईट.

आधी तुमच्या गाडीत कोणता फिल्टर आहे ते ओळखा. बोनेट उघडा. इंजिनाकडे हवा नेणारा जाड पाइप ज्या काळ्या प्लास्टिकच्या डब्यातून निघतो, त्या डब्यात फिल्टर असतो. पांढरा किंवा पिवळसर, घड्या घातलेला जाड कागद दिसला, तर तो कागदी. तो धुवायचा नसतो, बदलायचा असतो. दोन्ही बाजूंनी तारेची जाळी आणि मध्ये लाल किंवा निळसर तेलकट कापड दिसलं, तर तो कापसाचा, धुण्याजोगा. जाळी आहे पण हाताला तेल लागत नाही, असाही एक प्रकार मिळतो. तो कृत्रिम धाग्यांचा, कोरडा. तो धुता येतो, पण त्याला तेल लावायचं नसतं. तेल लावलं तर तो बिघडतो. म्हणून खोक्यावर किंवा रबरी कडेवर लिहिलेलं नाव वाचा, आणि खात्री नसेल तर जाणकाराला दाखवूनच पुढे जा.

एसीचा फिल्टर वेगळा. तो डॅशबोर्डच्या खणामागे असतो आणि गाडीत बसणाऱ्यांसाठी हवा गाळतो. त्याला कधीच तेल लावू नका.

दुचाकीबद्दलही एक सांगतो. बऱ्याच नव्या मोटरसायकली आणि स्कूटरमध्ये तेलाचा हात दिलेला कागदी फिल्टर येतो. तो तेलकट दिसतो म्हणून धुण्याजोगा वाटतो. तो धुऊ नका आणि त्याला हवाही मारू नका. ठरलेल्या किलोमीटरला तो बदलायचा असतो.

आता कापसाच्या फिल्टरकडे येऊ. त्याची बांधणी साधी आहे. विरळ विणीच्या सुती कापडाचे चार-सहा थर, दोन्ही बाजूंनी तारेची जाळी, आणि कापडात मुरलेलं चिकट तेल. कॅलिफोर्नियात १९६९ साली सुरू झालेल्या के अँड एन या कंपनीमुळे ही पद्धत जगभर पोचली. आता बऱ्याच कंपन्या असे फिल्टर बनवतात. ज्या कापसाच्या वाहतुकीसाठी इंग्रजांच्या काळात यवतमाळ ते मूर्तिजापूर शकुंतला रेल्वेचे रूळ टाकले गेले, तोच कापूस इथे इंजिनाचं नाक झाकून बसलेला असतो. आपल्या जिल्ह्याला कापूस कसा हाताळायचा हे शिकवावं लागत नाही. ओला कापूस चुलीजवळ ठेवायचा नाही, हे घराघरात माहीत आहे.

या फिल्टरात खरं काम तेल करतं. ज्यांच्याकडे जुना ट्रॅक्टर आहे, त्यांना हे लगेच समजेल. ट्रॅक्टरच्या एअर क्लीनरखाली तेलाची वाटी असते. हवा त्या तेलावरून जाते, धूळ तेलात अडकते, आणि वाटीतलं तेल गढूळ झालं की तुम्ही ते बदलता. कापसाच्या फिल्टरातही तेलच धूळ धरतं. तेल नसेल तर तो नुसता विरळ कपडा. त्यातून फुफाटा आरपार जातो.

आणि हवा थोडीथोडकी लागत नाही. एक लिटर पेट्रोल जळायला सुमारे ९,००० लिटर हवा लागते. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. एका फेरीत तुमची गाडी किती हवा ओढत असेल याचा अंदाज करा. त्या हवेतली माती कुठेतरी अडवावीच लागते. रस्त्याच्या मुरमात आणि मातीत गारगोटीचे बारीक कण असतात. ते इंजिनातल्या बिडापेक्षा कठीण असतात. आत गेले की पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती घासत राहतात.

हे नुकसान एका दिवसात दिसत नाही. आधी इंजिन ऑइल थोडं थोडं कमी होऊ लागतं. मग सकाळी निळसर धूर येतो. मग चढावर गाडी दमते. शेवटी मिस्त्री सांगतात, इंजिनाचं काम काढावं लागेल. हप्ते फिटायच्या आत अशी वेळ आली, तर घराचं सगळं गणित कोलमडतं. शिवाय हीच गाडी रात्री-अपरात्री पेशंटला घेऊन मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात किंवा नागपूरला धावायची असते. तेव्हा ती चालली पाहिजे.

मग धुवायचं कधी?

कंपनीच्या माहितीपत्रकात मोठा आकडा असतो. के अँड एन साधारण हायवेच्या चालीला सुमारे ८०,००० किलोमीटर सांगते, आणि धुळीच्या भागात लवकर पाहा असंही सांगते. आपला भाग धुळीचा आहे. म्हणून आकड्यावर विसंबू नका, डोळ्यांनी पाहा. फिल्टरच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे जिथून हवा शिरते तिथे, धुळीखालून तारेची जाळी सगळीकडे दिसत असेल, तर धुण्याची गरज नाही. जाळी धुळीनं झाकून गेली असेल, तर वेळ झाली. इतकी सोपी खूण आहे.

ॲव्हरेज पडलं नाही म्हणून फिल्टर ठीक आहे, असं मात्र धरू नका. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ मध्ये हे मुद्दाम तपासलं. नव्या पद्धतीच्या, इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत फिल्टर तुंबवून पाहिला. ॲव्हरेज फारसं घटलं नाही, पिकअप मात्र मंदावला. कारण अशा गाड्यांत जितकी हवा येते तितकंच पेट्रोल सोडलं जातं. म्हणजे पेट्रोलचा खर्च तुम्हाला इशारा देणार नाही. डबा उघडूनच पाहावं लागेल.

आपल्याकडे पाहण्याच्या वेळा सणांवर बांधा, म्हणजे विसरणार नाही. पोळा, दिवाळी, होळी आणि मृगाच्या आधी, असं वर्षातून चारदा डबा उघडा.

पोळ्याला धूळ कमी, पण ओल असते. डब्यात पाणी किंवा चिखल शिरला का, एवढंच पाहा.

दिवाळीनंतर जिल्हा बदलतो. पऱ्हाटीची वेचणी सुरू होते, पांदण रस्ते सुकतात, कापसाच्या गाड्या जिनिंगच्या दारात रांगा लावतात. पांढरकवडा, वणी, घाटंजी, दारव्हा, कुठेही जा, जिनिंगच्या आसपासच्या हवेत रुईचे तंतू उडत असतात. हे तंतू जाळीवर बसतात आणि त्यांच्यावर धूळ साचते. पण घाबरू नका. जाळीवर बसलेले पांढरे तंतू मऊ ब्रशनं हलकेच निघतात. तेवढ्यासाठी सगळा फिल्टर धुवायचं कारण नाही.

वणी, मारेगाव, झरी जामणी आणि मुकुटबनच्या बाजूला राहणाऱ्यांनी मात्र जास्त जागरूक राहावं. तिथे कोळशाच्या खाणी आहेत, चुनखडी आणि सिमेंटची वाहतूक आहे. टिप्परमागे टिप्पर चालतात. ही धूळ फार बारीक असते. तिथे चारदा नव्हे, दर महिन्याला डबा उघडून पाहा. आणि टिप्परच्या मागे चिकटून गाडी चालवू नका. जरा अंतर ठेवलंत तर फिल्टरचं अर्धं काम हलकं होतं. समोरचं नीट दिसतं, ते वेगळंच.

होळी ते मृग हा खरा परीक्षेचा काळ. पारा ४५ अंशांकडे जातो, वावटळी उठतात, नांगरलेल्या वावरातली माती रस्त्यावर येते. या काळात फिल्टर सर्वांत जास्त मळतो. मळलेला दिसला तर धुवा. पण उगाच धुऊ नका.

हा मुद्दा लोकांना उलटा वाटतो. पुन्हा पुन्हा धुणं म्हणजे जास्त काळजी, असं वाटतं. तसं नाही. दर वेळी धुतल्यावर तेल पुन्हा नीट लागेलच असं नाही. प्रत्येक हाताळणीत घड्या दबतात, रबराची कड थोडी सैल होते. आणि जाळीवर धुळीचा पातळ थर बसलेला फिल्टर अगदी नव्या फिल्टरपेक्षा धूळ चांगली अडवतो, कारण तो थरही गाळणीचं काम करतो. म्हणून हलका मळलेला फिल्टर तसाच राहू द्या.

धुण्याचं ठरलं, की आधी सामान जमवा. या फिल्टरसाठीचं क्लीनर आणि फिल्टर ऑइल, दोन्ही एकत्र खोक्यात मिळतात. तुमच्या गावात मिळत नसेल तर यवतमाळ, अमरावती किंवा नागपूरहून मागवा. मिळेपर्यंत गाडीत कागदी फिल्टर बसवा. डब्याच्या मापाचा एक नवा कागदी फिल्टर घरात असूच द्या. तो असला की धुण्याची घाई होत नाही, आणि या कामात घाईनंच सगळं बिघडतं.

क्लीनरऐवजी पेट्रोल, डिझेल किंवा रॉकेल वापरू नका. त्यानं रबराची कड फुगते आणि कापडाची वीण खराब होते. घरात आगीचा धोका असतो तो आहेच. कपडे धुण्याची पावडर, सोडा, ॲसिड, हेही नको.

फिल्टर काढायचा तो गाडी पूर्ण थंड झाल्यावर. डब्याच्या क्लिपा उघडण्याआधी डब्यावरची आणि आजूबाजूची धूळ ओल्या फडक्यानं पुसा. नाहीतर झाकण उघडताच ती माती पाइपात पडते. फिल्टर कोणत्या बाजूनं बसला होता, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मग फिल्टर उचला.

इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाचं तोंड स्वच्छ फडक्यानं झाका. आणि ते फडकं तिथे आहे याची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली खिशात न ठेवता डब्याच्या झाकणाजवळ ठेवा. किल्ली उचलाल तेव्हा फडकं दिसेल. फडकं आत राहून गाडी सुरू झाली, तर ते ओढलं जातं. आणि धुतलेला फिल्टर सुकत असताना, दुकान जवळच आहे म्हणून, फिल्टरशिवाय गाडी काढू नका. एक फेरीसुद्धा नको.

डब्याचा तळ ओल्या फडक्यानं पुसून घ्या. तिथे वाळलेली पानं, किडे, कधी उंदरानं आणलेल्या सरक्या सापडतात. हवा मारून उडवू नका, उचलून काढा.

फिल्टर हातात घेऊन बाहेरची बाजू खाली करा आणि हलकेच ठोका. सुटी माती पडेल. मऊ ब्रशनं उरलेली झाडा. ब्रश दाबू नका.

क्लीनर दोन्ही बाजूंना सारखं फवारा. १० मिनिटं मुरू द्या. हे सावलीत करा. उन्हात क्लीनर वाळून जातं, मग मळ सुटत नाही, उलट चिकटून बसतो. हातात मोजे घाला, लेकरांना जवळ येऊ देऊ नका.

मग पाणी. इथे दिशा महत्त्वाची. पाणी नेहमी आतल्या, स्वच्छ बाजूनं सोडायचं आणि मळक्या बाजूनं बाहेर पडू द्यायचं. उलटं केलंत तर मळ कापडात आणखी खोल रुततो आणि स्वच्छ बाजूला येऊन बसतो. नंतर तोच मळ इंजिनात जातो. पाण्याची धार साध्या नळाइतकी. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशरचा पाइप नको. तो गाडीच्या पत्र्यासाठी आहे, या कापडासाठी नाही.

पाणी मळकं निघायचं थांबेपर्यंत धुवा. डाग उरले असतील तर पुन्हा क्लीनर, पुन्हा १० मिनिटं, पुन्हा पाणी. जुना फिल्टर अगदी नव्या कापडासारखा पांढरा होणार नाही. कापडावर थोडी छटा राहिली तरी चालते.

पाणी स्वच्छ असू द्या. टँकरचं किंवा बोअरचं गढूळ पाणी असेल तर आधी फडक्यानं गाळून घ्या. यवतमाळ शहरात उन्हाळ्यात पाण्याचे किती हाल होतात हे तुम्हाला सांगायला नको. अर्धी बादली पाणी पुरतं, तांब्यानं सावकाश ओता. वापरलेलं पाणी विहिरीजवळ, नाल्यात किंवा भाजीच्या वाफ्यात सोडू नका. त्यात तेल आणि रसायन असतं. दूर, जिथे ते वाहून पाण्याला मिळणार नाही, अशा जागी ओता.

आता सुकवणं. बहुतेकांचं इथेच चुकतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फिल्टर हलकेच झटका, पाणी निथळू द्या. पिळू नका. मग सावलीत, हवेशीर जागी उभा करून ठेवा. कॉम्प्रेसर नको, केस सुकवायचं यंत्र नको, चूल किंवा गॅसची शेगडी नको, तापलेलं बोनेट नको. उष्णतेनं सुती कापड आखडतं. ते रबराच्या कडेपासून सुटलं की तिथे फट पडते, आणि ती फट दिसायला फार बारीक असते. मे महिन्यातलं आपलं थेट ऊनही टाळा.

अंगणात ठेवत असाल तर वरून पातळ, स्वच्छ कापड टाका. नाहीतर धुतलेल्या ओल्या कापडावर अंगणातलीच धूळ बसते. मुंग्या, उंदीर, कोंबड्या यांच्यापासून दूर ठेवा.

उन्हाळ्यात काही तासांत सुकलेला वाटतो. तरी रात्रभर ठेवा. घड्यांच्या तळाशी ओल राहते. पावसाळ्यात दोन दिवसही लागतात. तेवढे दिवस कागदी फिल्टरवर गाडी चालवा. ओल्या कापडाला तेल लावलं तर ते सगळीकडे मुरत नाही. मध्येमध्ये कोरडे ठिपके राहतात, आणि धूळ नेमकी तिथूनच आत जाते.

पूर्ण सुकल्यावर तेल. फक्त फिल्टर ऑइल. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, स्वयंपाकघरातलं तेल, यातलं काहीच चालत नाही. घट्ट तेलानं हवा अडते. पातळ तेल ओढलं जाऊन आत जातं. फिल्टर ऑइलमध्ये मुद्दाम लाल किंवा निळा रंग घातलेला असतो. कुठे लागलं, कुठे राहिलं, ते त्यावरून कळतं.

स्प्रे असेल तर सात-आठ सेंटीमीटर दूर धरा. बाहेरच्या बाजूच्या प्रत्येक घडीवरून एकदाच हात फिरवा. बाटली असेल तर प्रत्येक घडीच्या कण्यावरून एकच बारीक रेघ ओढा. मग २० मिनिटं थांबा. तेल आपोआप पसरतं. त्यानंतर आतल्या बाजूनं पाहा. पांढरे ठिपके उरले असतील तिथेच थोडं तेल द्या. पुन्हा २० मिनिटं थांबा. सगळीकडे एकसारखा रंग आला की काम झालं.

जास्त तेल म्हणजे जास्त राखण, असा समज करून घेऊ नका. फिल्टरातून तेल टपकत असेल किंवा घडीच्या तळाला साचलेलं दिसत असेल, तर ते जास्त झालं. असा फिल्टर रात्रभर जुन्या सुती कपड्यावर उभा ठेवा, जादा तेल निथळू द्या.

याचं कारण आहे. अनेक गाड्यांत, विशेषतः डिझेल गाड्यांत, फिल्टरच्या पुढे पाइपात एक नाजूक सेन्सर असतो. आत किती हवा आली हे तो मोजतो आणि त्यावरून इंजिनाला किती इंधन द्यायचं ते ठरतं. जादा तेलाचे कण त्याच्या बारीक तारेवर बसले, की त्याचं माप चुकतं. गाडी थांबली असता इंजिन थरथरतं, पिकअप जातो, समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. फिल्टर धुतल्यानंतर काही दिवसांतच असं झालं, तर मिस्त्रींना आधी हे सांगा की फिल्टर नुकताच धुऊन तेल लावलं आहे. नाहीतर नको ते भाग बदलले जातात आणि बिल वाढतं. सेन्सर साफ करण्याचा वेगळा स्प्रे मिळतो. फडक्यानं किंवा कापसाच्या बोळ्यानं तो पुसू नका, तार तुटते.

बसवताना, काढून ठेवलेला फोटो पाहा. पाइपातलं फडकं काढलं का, ते आधी पाहा. रबराची कड खाचेत सगळीकडून सारखी बसली पाहिजे. बोट फिरवून पाहा. एका कोपऱ्यात जरी ती उचललेली राहिली, तरी हवा तिथूनच जाणार, कारण तिथे अडथळा नाही. सगळ्या क्लिपा लागल्या पाहिजेत. तुटलेली क्लिप तारेनं बांधून चालवू नका. क्लिपेची किंमत फार नसते.

मग महिन्याभरानं एक तपासणी करा. फिल्टर काढा आणि त्याच्या पुढच्या, इंजिनाकडच्या पाइपाच्या आतून, सेन्सरला धक्का न लावता, स्वच्छ पांढरा रुमाल फिरवा. रुमाल कोरडा आणि पांढरा निघाला तर सगळं ठीक. मातकट झाला तर फिल्टरमधून किंवा कडेवरून धूळ आत जाते आहे. तेलकट झाला तर बहुधा तेल जास्त लागलं आहे. याला खर्च काहीच नाही आणि गॅरेजची गरजही नाही. जुनी गाडी विकत घेतानासुद्धा हा रुमाल फिरवून पाहा. आधीच्या मालकानं गाडी कशी सांभाळली ते बरंचसं कळेल.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. पूर आलेल्या नाल्यातून गाडी घालू नका. २०२१ च्या सप्टेंबरात उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर एसटी बस वाहून गेली होती. पाण्यापुढे बस टिकली नाही, तर आपली कार काय टिकणार? साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल्फ मारू नका. फिल्टरच्या वाटेनं पाणी सिलिंडरात गेलं असेल, तर सेल्फ मारताच आतले दांडे वाकतात. माणसं सुरक्षित बाहेर काढा, गाडी ओढून न्या, आणि आधी फिल्टरचा डबा उघडून पाहायला सांगा.

घरातल्या तरुणांसाठीही दोन शब्द. उघडा, शंकूच्या आकाराचा फिल्टर लावून मूळ डबा काढून टाकायची हौस असते. आवाज भारी येतो, हे खरं. पण डबा नसला की गाडी बोनेटखालची तापलेली हवा ओढते. तापलेली हवा विरळ असते, म्हणजे इंजिनाला दम कमीच मिळतो. आपल्या उन्हाळ्यात तर विचारूच नका. शिवाय फुफाट्यात तो फिल्टर उघडाच पडतो. मूळ डब्यातच बसणारा फिल्टर वापरा.

आणि ताकदीसाठी हा फिल्टर घेत असाल, तर थांबा. रोजच्या गाडीत फरक जाणवेल इतका नसतो. माझं मत विचाराल, तर ज्यांना दर वेळी एवढ्या निगुतीनं धुणं जमणार नाही, त्यांनी कागदी फिल्टर वापरावा आणि तो वेळेवर बदलावा. त्यात कमीपणा काही नाही. खाणपट्ट्यात किंवा पांदण रस्त्यांवर रोज फिरणाऱ्यांनी तर कागदीच वापरावा, असं मी सांगेन. ज्यांना हातानं काम करायची आवड आहे, एक दिवस काढता येतो, त्यांनी कापसाचा खुशाल ठेवावा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी वॉरंटीचे कागद वाचा आणि शोरूममध्ये विचारून घ्या. बाहेरचा सुटा भाग बसवल्यावर ते जबाबदारी घेणार का, हे लिहून मिळालं तर उत्तम.

धुतल्याची तारीख आणि किलोमीटर डब्याच्या झाकणाला कागद चिकटवून त्यावर लिहा. गाडी घरात तिघे-चौघे चालवत असतील तर हे फार उपयोगी पडतं. नाहीतर एकानं धुतलेला फिल्टर दुसरा महिन्याभरात पुन्हा धुतो.

क्लीनर आणि तेलाच्या बाटल्या घरातल्या तेलाच्या बाटल्यांपासून लांब, लेकरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. फवारणीच्या औषधांशेजारीही नको. घाईत बाटली बदलते.

हा फिल्टर आयुष्यभर चालतो म्हणतात, तरी दर वेळी धुऊन सुकल्यावर, तेल लावण्याआधी, तो उजेडासमोर धरून पाहा. सगळीकडून सारखा मंद उजेड आला पाहिजे. एखाद्या ठिकाणी उजेडाचा लख्ख ठिपका दिसला, कापड रबरापासून सुटलेलं दिसलं, जाळीची तार तुटून टोचत असेल किंवा रबर कडक होऊन त्याला चिरा पडल्या असतील, तर तो फिल्टर संपला. त्याला शिवू नका, चिकटवू नका, तेलाचा जाड हात देऊन चालवू नका. तो भंगारात द्या आणि घरात ठेवलेला कागदी फिल्टर बसवा.